हार्ड डिस्कचे विभाजन : ऑपरेटिंग सिस्टीम आणि वैयक्तिक फाइलींची स्वतंत्र व्यवस्था

बीजसंज्ञा : हार्ड डिस्क, पार्टिशन, ऑपरेटिंग सिस्टीम, फॉरमॅट, मराठी फाँट, युनिकोड, बॅकअप

प्रस्तावना

महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या संगणकात दोन अगदी भिन्न स्वरूपाच्या गोष्टी एकाच हार्ड डिस्कवर शेजारी शेजारी नांदत असतात. पहिली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिच्या आधाराने चालणारी सॉफ्टवेअर. ही बाहेरून आलेली असतात, लक्षावधी संगणकांवर तशीच्या तशी असतात आणि बिघडल्यास काही तासांत पुन्हा बसवता येतात. दुसरी म्हणजे त्या प्राध्यापकाने स्वतः निर्माण केलेला ऐवज : प्रबंधाची प्रकरणे, क्षेत्रभेटीतील मुलाखती, प्रश्नसंच, नॅकच्या अहवालासाठी वर्षानुवर्षे जमवलेली कागदपत्रे. याची दुसरी प्रत बहुधा कोठेही नसते. बिघाडाचा संभव पहिल्या गोष्टीत अधिक आणि भरून न येणारी हानी मात्र दुसऱ्या गोष्टीत, असा हा विषम संसार आहे. पहिलीची दुरुस्ती करताना दुसरीला धक्का लागू नये, हाच हार्ड डिस्कच्या विभाजनामागील आजचा मुख्य विचार होय.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. ‘सी’ ड्राइव्हमध्ये विंडोज आणि ‘डी’ ड्राइव्हमध्ये आपले काम, ही वाटणी संगणक वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही फाइली जातात, आणि ज्यांनी ‘डी’ ड्राइव्ह करून घेतला आहे त्यांच्याही जातात. असे का होते, हे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आमच्या महाविद्यालयातील इतिहासाच्या एका सहकाऱ्यांचा अनुभव येथे नमूद करणे उचित ठरेल. काही वर्षांपूर्वी त्यांचा संगणक अतिशय मंद झाला. दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने विचारले, “सर, सी फॉरमॅट मारतो. डेटा डीमध्ये आहे ना?” सरांनी निःशंकपणे उत्तर दिले, “सगळे डीमध्येच आहे.” त्यांच्या समजुतीप्रमाणे ते खरेही होते. प्रबंधाचे फोल्डर ‘डी’मध्ये होते. परंतु गेल्या सात महिन्यांपासून ते मोडी कागदांचे देवनागरी लिप्यंतर करीत होते, आणि रोज लागते म्हणून ती फाइल डेस्कटॉपवर ठेवलेली होती. डेस्कटॉप हा ‘सी’ ड्राइव्हचाच भाग असतो. बेचाळीस कागदांचे लिप्यंतर त्या दुपारी नाहीसे झाले. मूळ कागदांच्या झेरॉक्स कपाटात होत्या, म्हणून ते काम दुसऱ्यांदा करता आले. पहिल्या वाचनाच्या वेळी केलेल्या टिपा मात्र परत आल्या नाहीत. तंत्रज्ञाची यात चूक होती असे म्हणवत नाही. त्याने विचारले होते.

हा प्रश्न सध्या अनेक महाविद्यालयांपुढे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार संपला. अनेक जुने संगणक विंडोज ११ साठी आवश्यक असलेल्या टीपीएम २.० व सिक्युअर बूट या अटींत बसत नाहीत. जे बसतात त्यांवर नवी सिस्टीम चढवली जात आहे, जे बसत नाहीत त्यांतील काहींवर लिनक्स येत आहे. म्हणजेच ‘सी फॉरमॅट मारतो’ हे वाक्य आपल्या विभागांतून पुन्हा ऐकू येणार आहे.

विभाजनाचा पूर्वेतिहास

आज सोयीसाठी केले जाणारे विभाजन आरंभी सक्तीचे होते, हे लक्षात घेतल्यास पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. आयबीएमने १९५६ मध्ये आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांवर पन्नास लाख अक्षरे मावत. वैयक्तिक संगणकात हार्ड डिस्क रुजली ती १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीपासून. तिची क्षमता दहा मेगाबाइट होती. ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे तोवर फ्लॉपींना दिली गेली होती, म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला ‘सी’ आले. फ्लॉपी कालबाह्य झाली, पण अक्षर राहिले. रिकाम्या घरावरची जुन्या भाडेकरूची पाटी काढायची राहून जावी, तसे हे झाले आहे.

त्याच वर्षी पीसी डॉस २.० बरोबर विभाजनाचा तक्ता आला. एकाच डिस्कवर निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टीम नांदाव्यात, हा त्याचा मूळ हेतू होता. स्वतः डॉसला त्यांतील एकच पार्टिशन वापरता येई. पुढे डिस्क मोठ्या झाल्या, पण डॉसच्या ३.३ पर्यंतच्या आवृत्त्यांना एका पार्टिशनमध्ये ३२ मेगाबाइटपेक्षा अधिक जागा हाताळता येत नव्हती. त्यामुळे १९८७ च्या ३.३ आवृत्तीत एका डिस्कचे अनेक तुकडे करण्याची सोय द्यावी लागली. विंडोज ९५ च्या काळात ही मर्यादा दोन गिगाबाइटवर गेली होती. शिवाय फॅट-१६ या तत्कालीन व्यवस्थेत पार्टिशन जितके मोठे तितकी जागा वाया जाई. एक ते दोन गिगाबाइटच्या पार्टिशनमध्ये जागेचा सर्वांत लहान तुकडा ३२ किलोबाइटचा असे. दोन किलोबाइटचे पत्रही तितकीच जागा अडवी. म्हणून जाणकार मंडळी डिस्कचे चार-पाच तुकडे करीत. १९९६ मध्ये फॅट-३२ आणि २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर घरोघरी पोहोचलेली एनटीएफएस यांमुळे ही सक्ती संपली. आपल्याकडे मात्र सी, डी, ई, एफ असे समान तुकडे करण्याची पद्धत रूढ झाली ती झालीच. तिचे तांत्रिक कारण उरलेले नाही. मात्र समान तुकड्यांचा एक तोटा आहे, त्याविषयी पुढे येईलच.

पार्टिशन म्हणजे नेमके काय

पार्टिशन ही डिस्कवरील भौतिक रेषा नव्हे. डिस्कच्या आरंभी एक तक्ता असतो आणि कोणते पार्टिशन कोणत्या सेक्टरपासून सुरू होते व किती सेक्टर लांब आहे, एवढीच नोंद त्यात असते. जुन्या एमबीआर पद्धतीत हा तक्ता अवघा ६४ बाइटचा आहे. प्रत्येकी सोळा बाइटच्या चार नोंदी. त्यामुळे मुख्य पार्टिशन चारच असू शकतात, आणि अधिक हवे असल्यास चौथ्याला ‘एक्स्टेंडेड’ करून त्याच्या पोटात इतर बसवावे लागतात. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जात असल्याने, सेक्टर ५१२ बाइटचा असताना, सुमारे २.२ टेराबाइटच्या पलीकडची जागा या तक्त्याला दिसतच नाही. नव्या जीपीटी पद्धतीत क्रमांक ६४ बिटांचा आहे, विंडोजवर १२८ पार्टिशनपर्यंत मुभा आहे आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस ठेवलेली असते. जुन्या पद्धतीत तक्त्याचे एकच सेक्टर खराब झाले तर सारी डिस्क रिकामी असल्यासारखी वाटे. हा मोठाच फरक म्हणावा लागेल.

जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडे असत, तशी ‘सी’ आणि ‘डी’ यांची स्थिती आहे. एका बिऱ्हाडात रंगरंगोटी काढली तर दुसऱ्याने भांडी हलवण्याचे कारण नाही. पाया, वासे आणि छप्पर मात्र दोघांचे एकच.

फॉरमॅट या शब्दाविषयीही गैरसमज आढळतो. ‘क्विक फॉरमॅट’ने पार्टिशनमधील मजकूर पुसला जात नाही, फाइलींची अनुक्रमणिका नवी, कोरी लिहिली जाते. त्यामुळे जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर चुकून फॉरमॅट झालेल्या पार्टिशनमधून, त्यावर नवे काही लिहिले गेले नसल्यास, फाइली परत मिळवता येत. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅटमध्ये मात्र सगळीकडे शून्ये लिहिली जातात. आणि आजच्या एसएसडीवर परिस्थिती आणखी कठोर आहे. तेथे ‘ट्रिम’ या आज्ञेने ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कला कळवते की अमुक जागा आता नको. डिस्क ती आपल्या सवडीने आतून रिकामी करते. चूक लक्षात येईपर्यंत परत मिळवण्याजोगे बहुधा काही उरत नाही. ‘रिकव्हरीवाल्याकडे देऊ’ हा दिलासा ज्या काळातला, तो काळ मागे पडला आहे.

‘डीमध्ये ठेवले आहे’ हा समज

सहकाऱ्यांच्या बाबतीत जे घडले ते अपवादात्मक नाही. पार्टिशन केले म्हणजे फाइली आपोआप तेथे जात नाहीत. विंडोजमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स ही चारही फोल्डरे मुळात ‘सी’ ड्राइव्हमधील ‘यूजर्स’ या फोल्डरमध्ये, वापरकर्त्याच्या नावाखाली असतात. वर्डमध्ये नवी फाइल जतन करताना समोर येते ते डॉक्युमेंट्स. ईमेलमधून उतरवलेली फाइल जाते ती डाउनलोड्समध्ये. व्हॉट्सॲपवरून घेतलेले परिपत्रक बहुधा तेथेच पडून राहते. म्हणजे रोजच्या कामाचा प्रवाह ‘सी’कडे वाहतो आणि ‘डी’कडे आपण अधूनमधून, आठवण झाली की काही नेऊन ठेवतो. अशा परिस्थितीत ‘डी’ ड्राइव्ह हे जुन्या कामाचे कोठार ठरते. चालू काम, जे सर्वांत मोलाचे, ते धोक्याच्या बाजूला राहते.

यावर उपाय सवयीचा नाही, रचनेचा आहे. डॉक्युमेंट्स फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘लोकेशन’ हा भाग उघडल्यास ‘मूव्ह’ अशी सोय दिसते. ‘डी’मध्ये एक स्वतंत्र फोल्डर करून तेथे डॉक्युमेंट्स हलवावे, तसेच डेस्कटॉप व डाउनलोड्स यांचेही करावे. प्रत्येकासाठी वेगळे फोल्डर असणे आवश्यक आहे. थेट ‘डी’ ड्राइव्हलाच डॉक्युमेंट्सचे ठिकाण म्हणून निवडण्याचा मोह टाळावा; तसे केल्यास पुढे ही व्यवस्था मोडणे जिकिरीचे होते. एकदा हे झाले की, डेस्कटॉपवर टाकलेली फाइल दिसते डेस्कटॉपवरच, पण राहते ‘डी’मध्ये. वापरणाऱ्याला काहीच बदलावे लागत नाही.

येथे एक अडचण येऊ शकते. नव्या संगणकांवर वनड्राइव्ह ही सेवा डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स यांचा ताबा आधीच घेते आणि त्या फोल्डरांचे ठिकाण वनड्राइव्हच्या फोल्डरात हलवते. तसे असल्यास प्रथम वनड्राइव्हच्या सेटिंग्जमधून या फोल्डरांचा बॅकअप थांबवावा आणि मग वरील क्रिया करावी. थांबवण्यापूर्वी सर्व फाइली संगणकावर खरोखर उतरल्या आहेत ना, हे पाहून घ्यावे. काहींची केवळ नावे दिसत असतात आणि मजकूर दूरच्या सर्व्हरवर असतो.

याखेरीज ‘सी’मध्ये लपून राहणाऱ्या गोष्टी आहेत. ब्राउझरमधील खुणा व जतन केलेले पासवर्ड, आउटलुकमध्ये साठवलेला पत्रव्यवहार, वर्डला आपण शिकवलेले शब्द आणि आपण बेतलेले लेटरहेडचे साचे. या फाइली सहजी दृष्टीस पडत नाहीत, म्हणून फॉरमॅटपूर्वी त्यांची आठवणही होत नाही.

मराठी फाँटचा प्रश्न

मराठीत लेखन करणाऱ्यांसाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे, आणि विभाजनावरील सर्वसाधारण लेखनात तिचा उल्लेख सहसा येत नाही. आपल्याकडील प्राध्यापकांचे दोन-तीन दशकांचे लेखन युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहे. सी-डॅकची आयएसएम, मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि अशाच इतर प्रणालींत हे लेखन टंकित झाले. त्या काळाच्या मर्यादेत या प्रणालींनी मराठी लेखनाची मोठीच सोय केली. परंतु त्यांच्या जुन्या फाँटमध्ये टंकित केलेल्या फाइलीत देवनागरी अक्षर साठवलेले नसते. साठवलेला असतो तो रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा सांकेतिक क्रमांक, आणि त्या क्रमांकाच्या जागी देवनागरी आकृती दाखवण्याचे काम फाँट करतो.

फाँट असतो कोठे? ‘सी’ ड्राइव्हमध्ये, विंडोजच्या फोल्डरात. परिणामी असे घडते की, ‘सी’ फॉरमॅट झाल्यावर ‘डी’मधील फाइल सुरक्षित असते, उघडते, पानांची संख्याही बरोबर असते, पण वाचायला जावे तर रोमन अक्षरे, विरामचिन्हे आणि आकड्यांची मिसळ दिसते. हा प्रसंग प्रस्तुत लेखकावर स्वतः आला आहे. १९९९ ते २००४ या काळातील व्याख्यानांची टिपणे ‘डी’मध्ये जशीच्या तशी होती आणि एकही ओळ वाचता येत नव्हती. ज्या फाँटमध्ये ती होती त्याची सीडी सापडेना. अखेरीस दुसऱ्या एका महाविद्यालयातील जुन्या संगणकावरून तो फाँट मिळाला.

तात्पर्य, फॉरमॅटपूर्वी फाँटची फाइल ‘डी’मध्ये उतरवून घेतलीच पाहिजे. कोणता फाँट कोणत्या लेखनाला लागतो याची नोंदही सोबत ठेवावी, कारण त्याच प्रणालीच्या दोन आवृत्त्यांतील फाँटमध्येही क्रमांकांची मांडणी वेगळी असू शकते. खरा उपाय मात्र हे लेखन युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेण्याचा आहे. रूपांतराची साधने उपलब्ध आहेत. जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी यांत ती कधीकधी चुकतात, म्हणून रूपांतरित मजकूर एकदा वाचून काढावा लागतो. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक हा ‘क’चाच असतो. फाँट कोणताही असो, मजकूर वाचता येतो.

विभाजन करताना

नव्या संगणकात बहुधा सगळी जागा ‘सी’लाच दिलेली असते. विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’ या साधनाने ‘सी’ आक्रसून उरलेल्या जागेत ‘डी’ निर्माण करता येतो. त्यासाठी काहीही पुसावे लागत नाही. तरीही ही क्रिया करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर काढून ठेवावी आणि लॅपटॉप असल्यास चार्जर लावलेला असावा. मध्येच वीज गेली तर काय होईल, हा प्रश्न आपल्याकडे काल्पनिक नाही.

पुष्कळदा ‘सी’ हवा तितका आक्रसत नाही. अर्धी डिस्क रिकामी असूनही थोडीच जागा सुटते, तेव्हा संगणकात काही दोष आहे असे वाटते. वस्तुतः पेजफाइल, हायबरनेशनची फाइल आणि सिस्टीम रिस्टोअरच्या प्रती या हलवता न येणाऱ्या फाइली डिस्कच्या मध्यावर कोठेतरी बसलेल्या असतात, आणि आक्रसण्याची सीमा तेथेच थांबते. या तिन्ही सोयी तात्पुरत्या बंद करून, संगणक पुन्हा सुरू करून प्रयत्न केल्यास बहुधा मार्ग निघतो. काम झाल्यावर त्या परत चालू करण्यास विसरू नये.

‘सी’ला किती जागा द्यावी? विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान ६४ गिगाबाइट सांगितले आहेत, परंतु किमान म्हणजे पुरेसे नव्हे. दर वर्षीच्या मोठ्या अद्ययावतीकरणाच्या वेळी जुनी सिस्टीम ‘विंडोज डॉट ओल्ड’ या नावाने काही दिवस बाजूला ठेवली जाते. तेवढी जागा मोकळी असावी लागते. ५१२ गिगाबाइटच्या डिस्कवर ‘सी’ला १५० गिगाबाइट द्यावेत, असे माझे मत आहे, संख्याशास्त्राची किंवा चित्रफितींची मोठी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी २०० द्यावेत. येथे कंजुषी महागात पडते. ‘सी’च्या लगतच्या उजव्या बाजूस मोकळी जागा असेल तरच डिस्क मॅनेजमेंट त्याला वाढवू शकते, आणि त्या बाजूस तर ‘डी’ बसलेला असतो किंवा विंडोजचे लहानसे रिकव्हरी पार्टिशन. (५१२ गिगाबाइटची डिस्क संगणक ४७६ दाखवतो, त्याचे कारण उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. खरेदी समितीने पुरवठादाराशी यावरून वाद घालू नये.)

दोन पार्टिशन पुरेत. ई, एफ, जी असे तुकडे केल्याने जागा विखुरते. एकात जागा संपते आणि दुसऱ्यात पडून राहते. जुन्या संगणकांच्या बाबतीत या तुकड्यांमुळे आणखी एक पेच उद्भवतो. एमबीआर डिस्कचे जीपीटीमध्ये रूपांतर करणारे ‘एमबीआरटूजीपीटी’ हे साधन विंडोजमध्येच आहे आणि ते फाइली न पुसता काम करते. पण डिस्कवर एक्स्टेंडेड पार्टिशन असल्यास ते नकार देते, आणि सी-डी-ई-एफ अशी जुनी वाटणी बहुधा एक्स्टेंडेड पद्धतीनेच झालेली असते.

समान तुकड्यांचा जो तोटा वर सूचित केला, तो विंडोज नव्याने बसवताना जाणवतो. त्या वेळी पडद्यावर ‘सी’, ‘डी’ ही अक्षरे दिसतच नाहीत. ‘ड्राइव्ह शून्य पार्टिशन तीन’, ‘पार्टिशन चार’ असे क्रमांक, असल्यास पार्टिशनचे नाव, आणि आकार एवढेच दिसते. दोन्ही पार्टिशन २३० गिगाबाइटची असतील आणि नावे दिलेली नसतील, तर कोणते फॉरमॅट करायचे हे अंदाजाने ठरते. घाईच्या वेळी, एका दिवसात दहा संगणक करणाऱ्या माणसाकडून तो अंदाज चुकणे अशक्य नाही. म्हणून आकार मुद्दाम असमान ठेवावेत, पार्टिशनांना ‘सिस्टीम’ आणि ‘माझे काम’ अशी स्पष्ट नावे द्यावीत, आणि दोन्हींचे आकार कागदावर लिहून तो कागद तंत्रज्ञाच्या हाती द्यावा. याच ठिकाणी ‘डिलीट’ असेही बटण असते. ‘सगळी पार्टिशन डिलीट करून नव्याने बनवतो’ असे कोणी म्हणाल्यास त्यात ‘डी’ही जातो, हे ध्यानी असावे.

अलीकडच्या काळात उद्भवलेली सर्वांत गंभीर बाब कूटलेखनाची आहे. २०२४ च्या विंडोज ११, २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या सिस्टीमवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यास, अनेक संगणकांत ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आपोआप सुरू होते. ते ‘सी’पुरते मर्यादित नसते, आतील ‘डी’ही कुलूपबंद होतो. सिस्टीम पुन्हा बसवल्यावर ‘डी’ जागेवर असतो, पण उघडण्यासाठी ४८ अंकी किल्ली मागतो. ही किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक प्रथम सुरू केला त्या खात्यात साठवलेली असते. महाविद्यालयाचा संगणक असेल तर ते खाते कोणाचे? पुष्कळदा सेवानिवृत्त झालेल्या विभागप्रमुखांचे, किंवा पुरवठादाराच्या माणसाने त्या दिवशी घाईने उघडलेले आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नसलेले. अशा वेळी ‘डी’मधील सर्व फाइली शाबूत असूनही कायमच्या दुरावतात. ही किल्ली आजच छापून विभागाच्या कपाटात ठेवावी.

लिनक्सवरील ‘होम’

लिनक्समध्ये वापरकर्त्याचे सर्व काही ‘होम’ या फोल्डरात असते : फाइली, ब्राउझरच्या खुणा, सॉफ्टवेअरच्या मांडण्या, स्वतः उतरवलेले फाँटदेखील. त्यामुळे ‘होम’साठी वेगळे पार्टिशन केल्यास विंडोजवर जी यातायात करावी लागते ती टळते. सिस्टीम नव्याने बसवताना पार्टिशनची निवड स्वहस्ते करण्याचा पर्याय घ्यावा, ‘रूट’ फॉरमॅट करावे आणि जुने ‘होम’ फॉरमॅट न करता जोडावे. फाइलींची मालकी नावाने नव्हे तर क्रमांकाने नोंदलेली असल्याने, एकाहून अधिक वापरकर्ते असल्यास ते पूर्वीच्याच क्रमाने निर्माण करावेत. विंडोज व लिनक्स एकाच संगणकावर असल्यास दोघांनाही वाचता येईल असे एनटीएफएसचे सामाईक पार्टिशन ठेवता येते. मात्र विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे, कारण ते सुरू असताना विंडोज पूर्णतः बंद न होता अर्धवट निद्रिस्त होते आणि तिकडून आलेल्या लिनक्सला त्या पार्टिशनमध्ये लिहिता येत नाही.

जाता जाता एक विरोधाभास नोंदवावासा वाटतो. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनमध्येही सिस्टीम आणि वापरकर्त्याचा ऐवज ही दोन पार्टिशन असतात. पण तेथील ‘फॅक्टरी रिसेट’ सिस्टीमला हात लावत नाही आणि नेमका वापरकर्त्याचाच ऐवज पुसतो. संगणकावरील ‘फॉरमॅट मारला तरी माझे राहते’ ही सवय फोनवर लागू केल्याने छायाचित्रे गमावलेली माणसे पुष्कळ भेटतात.

विभाजनाने जे साधत नाही

वाड्याचे छप्पर एकच आहे, हे वर आले आहे. हार्ड डिस्क यांत्रिक बिघाडाने बंद पडली, लॅपटॉप प्रवासात चोरीस गेला, विजेच्या धक्क्याने एसएसडीचा नियंत्रक जळाला, तर ‘सी’ आणि ‘डी’ दोन्ही एकाच वेळी जातात. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने संगणकाला जोडलेल्या सर्व ड्राइव्हमधील फाइली कूटबद्ध केल्या. पार्टिशनची सीमा त्याला अडवू शकली नाही, कारण ती त्याला अडवण्यासाठी नसतेच. तसेच आपण स्वतः चुकून पुसलेली फाइल ‘डी’मध्ये होती म्हणून परत येत नाही. ‘सी’मधील फाइलीची प्रत ‘डी’मध्ये करून तिला बॅकअप म्हणणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत, आणि काही वर्षे मीही त्यांपैकीच एक होतो.

बॅकअपचा सर्वपरिचित नियम असा : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक अन्य ठिकाणी. प्राध्यापकाच्या बाबतीत याचा अर्थ, मूळ फाइल ‘डी’मध्ये, दुसरी प्रत बाह्य हार्ड डिस्कवर, जी आठवड्यातून एकदा जोडावी आणि काम होताच काढून घ्यावी, तिसरी क्लाउडवर, अथवा दुसऱ्या गावी असलेल्या विश्वासू आप्ताकडे. सतत जोडलेली बाह्य डिस्क ही खंडणीखोर प्रोग्रॅमच्या दृष्टीने आणखी एक ड्राइव्हच असते. या कामी विभाजनाचा उपयोग होतो तो असा की, आपला सर्व ऐवज एका पार्टिशनमध्ये असल्याने काय काय उतरवून घ्यायचे हा प्रश्न उरत नाही. संपूर्ण ‘डी’ उतरवून घ्यावा.

बाह्य डिस्कवर घेतलेली प्रत उघडते का, हे वर्षातून एकदा तरी दुसऱ्या संगणकावर पाहावे. आमच्या विभागात हे काम आम्ही दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी करतो. मागील खेपेस तीनपैकी एक डिस्क संगणकाला जोडल्यावर नुसताच टकटक आवाज करीत राहिली. मूळ फाइली ‘डी’मध्ये होत्याच, त्याच आठवड्यात दुसरी डिस्क विकत आणली आणि त्या तिच्यावर उतरवून घेतल्या.